साडेतीन वेढे

गंगेतून एक प्रेत वाहत आलं. काठावरच्या तिशीतल्या संन्याशाने पाण्यात शिरून ते ओढून आणलं, चाकूने चिरलं, काळीज बाहेर काढलं, डोकं आणि मान उघडून पाहिली. शेजारी हठयोगाचे ग्रंथ. ग्रंथांत नाड्यांची आणि चक्रांची पानंच्या पानं वर्णनं, आणि समोरच्या देहात त्यातलं काहीही नाही. त्याने ग्रंथ फाडले आणि प्रेताबरोबर नदीत सोडून दिले.

हे दयानंद सरस्वतींचं स्वतःचं कथन आहे. मुंबईहून निघणाऱ्या ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिकात 1879 पासून त्यांचं आत्मचरित्र छापून आलं, त्यात हा प्रसंग येतो. त्याआधी चार वर्षं, 1875 च्या पावसाळ्यात, ते पुण्यात होते. महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या सोबत्यांनी बोलावलं होतं. बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात व्याख्यानं झाली. त्यातली पंधरा आज छापील मिळतात, आणि 4 ऑगस्टचं शेवटचं त्यांच्या आयुष्याविषयी आहे. पुढे मिरवणूक निघाली तेव्हा सनातन्यांनी चिखल फेकला, आणि जोतीराव फुले संन्याशाच्या बाजूने रस्त्यावर उतरले.

प्रेत चिरायला धैर्य लागतं. ज्या ग्रंथांवर भिस्त ठेवून घर सोडलं, ते फाडायला जास्त लागतं.

०

यावर एक ठरलेलं उत्तर आहे. प्रेतात श्वासही सापडत नाही, मग श्वास खोटा का?

उत्तर टाळ्या घेणारं आहे, पण दयानंदांना ते पुरत नाही. ग्रंथांनी जागा सांगितल्या होत्या: गुदापाशी, नाभीपाशी, हृदयापाशी, कंठात, भुवयांमध्ये. पाकळ्या मोजून दिल्या होत्या. ज्याने माप सांगितलं त्याने पट्टी लावू द्यायला हवी. या माणसाने पट्टी लावली, आणि जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. त्याला तोलामोलाचं उत्तर मिळायला हवं.

०

उत्तराचा पहिला धागा ग्रंथांमधल्या मतभेदांतच आहे.

कठोपनिषद हृदयाच्या 101 नाड्या सांगतं. त्यातली एक मस्तकाकडे जाते. बृहदारण्यक 72,000 नाड्या सांगतं. पतंजली नाभिचक्राचं नाव घेतो, कंठकूप सांगतो, मस्तकातली ज्योत सांगतो, पण खालून वर जाणारी पायऱ्यांची वाट त्याच्याकडे नाही. नाथपंथाची ‘सिद्धसिद्धान्तपद्धती’ नऊ चक्रं मोजते. आज जिला सगळे ‘चक्रांची पद्धत’ म्हणतात ती बंगालच्या पूर्णानंदांनी 1577 मध्ये लिहिलेल्या ‘षट्चक्रनिरूपणा’ची. तिचं इंग्रजी भाषांतर जॉन वुडरॉफ यांनी 1919 मध्ये काढलं आणि ती जगभर गेली. पूर्णानंदांकडेही चक्रं सहाच. सहस्रार त्यांच्या वर आहे, मोजणीच्या बाहेर.

मूत्रपिंडं किती, यावर कुठल्याही दोन पंथांत वाद झालेला नाही. चक्रं किती यावर झाला, आणि त्यावरून सहसा कुणी कुणाला खोटं ठरवलं नाही. एका गुरूची सहा, दुसऱ्याची नऊ. दोघांचे शिष्य आपापल्या वाटेने गेले.

ग्रंथ ‘चक्र आहे’ असं सांगतो त्याहून कितीतरी वेळा ‘चक्र पाहावं’ असं सांगतो. इथे चार पाकळ्यांचं कमळ पाहावं, त्यात पिवळा चौकोन पाहावा, त्यावर हत्ती पाहावा. ‘आहे’ आणि ‘पाहावं’ यांच्यामध्ये जेवढं अंतर, तेवढी साधना.

०

मला वाटतं, नाड्या-चक्रांचा हा सूक्ष्म देह शोधून सापडत नाही. तो रचावा लागतो. आणि रचलेली गोष्ट खोटी असते असं समजायचं कारण नाही. गाणं रचलेलंच असतं.

०

कशाने रचायचा? पूर्णानंदांचं उत्तर: अक्षरांनी.

कंठाच्या कमळाला सोळा पाकळ्या. त्यांवर अ पासून अः पर्यंतचे सोळा स्वर. हृदयाला बारा, क पासून ठ पर्यंत. नाभीला दहा; ड पासून फ पर्यंत. स्वाधिष्ठानाला सहा, ब भ म य र ल. मूलाधाराला चार, व श ष स. भुवयांमधल्या आज्ञेला दोनच, ह आणि क्ष. बेरीज पन्नास. म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षी पाटीवर गिरवलेली वर्णमाला पाठीच्या कण्यावर मांडलेली आहे.

यात एक बारकावा आहे, त्यावर मी कितीदा तरी थांबतो. स्वर कंठात आहेत. हृदयातला क कंठातल्या अ-शिवाय उच्चारता येत नाही. मूलाधारातला स तसाच अडून राहतो. खालची सगळी कमळं वरच्या एका कमळाच्या आधाराने बोलती होतात. ज्याने ही मांडणी केली त्याचं व्याकरण पक्कं होतं, आणि ते त्याच्या अंगात भिनलेलं होतं.

या पन्नासांत ळ नाही. एक्कावन्न वर्णांच्या मातृकान्यासात त्याला जागा मिळते. सहा कमळांत मिळत नाही. मराठी माणसाला हे थोडं लागतं. मूळ, नाळ, कळ, बाळ, आणि खुद्द कमळ, सगळ्यांत ळ. आणि कमळात त्याला पाकळी नाही.

०

चक्रांचा तक्ता भिंतीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी घरात सूक्ष्म देहाचा पाठ होत होता. त्याला कुणी ते नाव दिलं नाही. दिवेलागणीला हातपाय धुऊन मुलं देवापुढे बसायची आणि रामरक्षा म्हणायची.

रामरक्षा हे कवच आहे. ती मस्तकापासून निघते आणि पावलांपर्यंत उतरते. प्रत्येक अवयवाला रामाचं एकेक नाव नेमून दिलेलं, आणि नावं उगाच वाटलेली नाहीत. डोळ्यांना कौसल्येचा मुलगा, कारण आई त्याला डोळे भरून पाहत आली. कानांना विश्वामित्राचा लाडका, कारण त्या कानांनी विद्या ऐकली. नाकाला यज्ञाचा राखणदार, कारण धूर तिथे जातो. जिभेला विद्येचा ठेवा. दंडांना शिवधनुष्य मोडणारा. हातांना सीतेचा पती, कारण हात हातात घेतला जातो. गुडघ्यांना सेतू बांधणारा.

कारणं मी जोडली, स्तोत्र ती सांगत नाही. पण म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या मनात अशी कारणं आपोआप जुळत जातात, आणि रामायणाची गोष्ट अंगावर लिहिली जाते. ज्या मुलाने लहानपणी हे रोज केलं त्याच्या गुडघ्याला हाडापलीकडेही काहीतरी असतं. शवविच्छेदनात ते दिसणार नाही. तो मुलगा म्हातारा होऊन जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवतो, तेव्हा ते तिथे असतं.

०

मूलाधारात निजलेल्या कुंडलिनी शक्तीचे वेढे साडेतीन.

महाराष्ट्राला हा आकडा परका नाही. शक्तिपीठं साडेतीन: कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि वणीचं अर्धं. मुहूर्त साडेतीन. माणसाचा देह साडेतीन हात. जुन्या शाळांत पावकी-निमकीबरोबर साडेतीनचा पाढाही पाठ करून घेत, त्याला औटकी म्हणत. आणि ज्ञानदेवांनी कुंडलिनीच्या वळणांना हाच ‘औट’ शब्द वापरला आहे.

वेढा पुरा झाला की मिटतो. अर्ध्या वेढ्याला टोक राहतं. उलगडायला सुरुवात तिथून होते.

०

मुंबईच्या डॉ. वसंत रेळे यांनी 1927 मध्ये कुंडलिनीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि ती म्हणजे शरीरातली व्हेगस नर्व्ह, असं मांडलं. प्रस्तावना वुडरॉफ यांची होती, आणि तीतच त्यांनी कुंडलिनी ही मज्जातंतू नव्हे असं आपलं मत नोंदवलं. लेखकाने विरोधी मताला आपल्याच पुस्तकात दार उघडून दिलं, याचं मला कौतुक वाटतं.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांची रीत वेगळी होती. 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं आणि उड्डियान व नौली या पोटाच्या क्रियांना क्ष-किरणांपुढे उभं केलं. नौलीत आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, म्हणून बस्तीत पाणी आपोआप वर ओढलं जातं, हे मोजून दाखवलं. शतकानुशतकं ‘योग्याची सिद्धी’ म्हणून सांगितलेली गोष्ट पाऱ्याच्या नळीत उतरली, आणि त्यामुळे ती जराही लहान झाली नाही.

मोजता येतं ते मोजावं. मोजून उरेल त्याला एखाद्या शिरेचं नाव देण्याची घाई करू नये.

०

आज पुण्यात चक्रांचे रंगीत तक्ते सहज मिळतात. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्य, हृदयाचं चक्र हिरवं. पूर्णानंदांच्या ग्रंथात हृदयकमळाच्या पाकळ्या बंधूक, म्हणजे आपल्या दुपारीच्या फुलासारख्या लाल आहेत, नाभीच्या दाट मेघासारख्या काळ्या. चार्ल्स लेडबीटर या थिऑसॉफिस्टाने 1927 मध्ये स्वतःला दिसलेल्या रंगांचं पुस्तक काढलं. इंद्रधनुष्याचा क्रम त्यानंतर पश्चिमेत बसत गेला आणि आपल्याकडे परत आला.

रंग बदलला याचं मला दुःख नाही. रचणाऱ्याला नवे रंग घ्यायची मुभा आहे. दुःख वेगळ्याचं आहे. ‘तुमचं अमुक चक्र बंद पडलंय’ असं सांगून पैसे घेतले जातात. जुन्या ग्रंथांत ब्रह्म, विष्णू, रुद्र अशा तीन ग्रंथी आहेत. त्या वाटेवरच्या चढणी आहेत, तिथे पोचलेल्याला लागतात. जो अजून उंबऱ्यातच आहे त्याला त्या दाखवून घाबरवणं हा अपराध आहे. एकटेपणाने, आजाराने, मूल नसल्याने खचलेल्या बाईला तिच्या देहात आणखी एक दोष काढून देणं, याला मी कुठलीही सवलत देणार नाही.

०

शके 1212, म्हणजे 1290. नेवासे. ज्ञानदेवांच्या निरूपणात गीतेचा सहावा अध्याय चालू आहे. मूळ श्लोक मोजकंच सांगतो: पाठ, मान, डोकं सरळ ठेव, नाकाच्या शेंड्याकडे दृष्टी लाव, मन आवर. कुंडलिनीचं नाव गीतेत नाही.

ज्ञानदेव इथे थांबतात आणि शंभरेक ओव्या बोलतात.

टाच शिवणीवर दाबून बसणं, हनुवटी गळ्याच्या खळग्यात रोवणं, पोट पाठीला लागणं. मग कुंकवात न्हाऊन निघालेलं नागाचं पिल्लू वेटोळं करून निजलेलं असावं तशी ती, आणि तिला आलेली जाग. जाग येते ती भुकेने. ती मांस खाते, तळवे-तळहात सोडत नाही, नखांतलं सत्त्व काढते, सातही धातूंचे समुद्र पिऊन टाकते. देह वाळून कोळ होतो. मग तीच शांत होते आणि अमृत सोडते. वरची कोरडी कातडी कोंड्यासारखी झडते. आतून केशराच्या रंगाची कांती निघते, नवे दात येतात, नवी नखं येतात. असा योगी समुद्रापलीकडचं पाहतो, स्वर्गातली मसलत ऐकतो, आणि मुंगीच्या मनातलं ओळखतो.

सिद्धींच्या यादीत मुंगीचं मन! समुद्र आणि स्वर्ग कुणीही घातले असते. एवढी घोर शक्ती जागवून शेवटी मिळवायचं काय, तर सगळ्यांत लहान जिवाला काय हवंय ते कळणं. मला सगळ्या योगशास्त्रात याहून मोठी सिद्धी दिसत नाही.

आणि हे सगळं सांगून झाल्यावर ज्ञानदेव मोकळेपणाने कबुली देतात: ही नाथांची खूण आहे, कृष्णाने नुसती सुचवली, मी ते गाठोडं सोडलं, घडी झटकून उलगडली, कारण समोर घेणारे आहेत. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून आपल्याकडे आलेली, गुरूने शिष्याच्या कानात सांगायची गोष्ट, त्यांनी चारचौघांत मराठीत मांडली. गुपित फोडणाऱ्याच्या आवाजात सहसा भीती असते नाहीतर मिरवणं असतं. इथे नुसता आनंद आहे.

०

बाराव्या अध्यायाच्या आरंभी तीच कुंडलिनी पुन्हा येते, आणि ओळखू येत नाही.

इथे ज्ञानदेव गुरूच्या कृपादृष्टीला आई म्हणतात. आधारशक्तीची मांडी होते. हृदयाकाशाचा पाळणा होतो. मन आणि प्राण, ज्यांना आवरण्यात योग्याचं आयुष्य जातं, ती बाळाची खेळणी होतात. सतराव्या कळेचं अमृत हे अंगावरचं दूध, आणि अनाहताचा नाद ही अंगाई.

सहाव्या अध्यायात शरीर खाणारी भूक होती. बाराव्यात शरीर वाढवणारी आई आहे. शक्ती एकच. पहिल्या ठिकाणी साधक एकटा बसला आहे. दुसऱ्या ठिकाणी त्याला कुणीतरी मांडीवर घेतलं आहे. एवढाच फरक, आणि सगळा फरक.

पुढे त्यांच्याच नावावरच्या हरिपाठात योगयागाने सिद्धी नाही असं येतं, आणि आळंदीच्या वाटेवर तो टाळांच्या ठेक्यात म्हटला जातो. ज्याने गाठोडं उघडून दाखवलं त्याच्या तोंडी ते बाजूला ठेवणंही शोभतं. न उघडता बाजूला ठेवणाऱ्यांनी त्यांचा दाखला देऊ नये.

०

आई कोण होतं, याचं विसाव्या शतकातलं एक उत्तर पुण्यात मिळतं. वामन दत्तात्रेय गुळवणी हे शाळेत चित्रकला शिकवायचे. 1886 चा जन्म. टेंबे स्वामींचे शिष्य. बंगालातून आलेल्या लोकनाथतीर्थ स्वामींकडून त्यांना शक्तिपाताची परंपरा मिळाली, आणि नोकरी करून, संसारी माणसांच्या गर्दीत राहून ती त्यांनी पुढे दिली. 1974 मध्ये त्यांनी पुण्यातच देह ठेवला. त्यांचा वासुदेव निवास हा आश्रम आजही ते काम करतो.

शक्तिपात माझ्या वरच्या म्हणण्याला छेद देतो, म्हणून तो मला सोडता येत नाही. इथे साधकाने काही रचायचं नसतं. कमळ डोळ्यांपुढे आणायचं नाही, पाकळ्या मोजायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. गुरू स्पर्शाने, दृष्टीने, शब्दाने किंवा नुसत्या संकल्पाने शक्ती जागी करतो; पुढे घोंगडीच्या आसनावर डोळे मिटून बसायचं आणि होईल ते होऊ द्यायचं. कुणाचं अंग कापतं, कुणाचा श्वास आपोआप लांबतो किंवा थांबतो, कुणाच्या हातांच्या मुद्रा होतात, कुणाला रडू येतं. याला क्रिया म्हणतात. साधक साक्षी.

जन्मभर हातात पेन्सिल धरलेल्या माणसाने असा मार्ग दिला ज्यात रेघ मारायची मनाई आहे.

मग रचतं कोण? ध्यानात मी रचतो. शक्तिपातात मला रचलं जातं. दोन्हीकडे देह जसा होता तसा राहत नाही, आणि दोन्हीकडे कुणीतरी त्याच्याकडे अखंड लक्ष ठेवून आहे. पहिल्यात ते लक्ष माझं, दुसऱ्यात आधी गुरूचं. दयानंदांच्या पुढ्यातल्या देहाकडे असं लक्ष कुणाचंच नव्हतं. तो नदीला देऊन माणसं घरी गेली होती. मला सापडलेलं तोलामोलाचं उत्तर एवढंच आहे.

याच्या जोडीला एक गोष्ट ठासून सांगायला हवी. साधनेत कुणाची झोप उडते, भीती दाटते, माणूस भ्रमल्यासारखा होतो. जाणता गुरू आधी जेवण विचारतो, झोप विचारतो, साधना थांबवायला सांगतो आणि डॉक्टरकडे पाठवतो. ‘कुंडलिनी जागी झाली’ म्हणून घरच्यांनी औषध बंद करणं ही श्रद्धा नाही.

०

ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर बायका अथर्वशीर्ष म्हणायला बसतात. अलीकडच्या वर्षांत तीस हजारांहून अधिक. रस्ता दिसत नाही, माणसंच.

अथर्वशीर्षात गणपतीचा मुक्काम मूलाधारात सांगितला आहे, कायमचा. पूर्णानंदांच्या मूलाधारातही ऐरावत आहे; हत्ती त्या जागी आधीपासून बसलेला आहे असं म्हणू या. घराच्या दारावर गणेशपट्टी, देहाच्या दारात गणपती.

तीस हजार तोंडांतून ‘मूलाधार’ हा शब्द एकदम येतो तेव्हा किती जणींना त्या जागेचं भान असतं, हे विचारणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या उपासना स्त्रियांना शतकानुशतकं वर्ज्य सांगितल्या गेल्या, त्यातलं एक उपनिषद त्या भर रस्त्यात खणखणीत म्हणतात. तिथे काहीतरी जागं झालेलं आहे. वेढे मोजायची गरज नाही.

०

बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार 1937 मध्ये थोड्या महिन्यांच्या बोलीवर डेक्कन जिमखान्याला योग शिकवायला आले आणि पुण्याचे झाले. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था, पत्नी रमामणींच्या नावाची, 1975 मध्ये उभी राहिली.

त्यांच्या पद्धतीचा भर चक्रांच्या नावांवर नाही. गुडघ्याची वाटी वर ओढा. टाचेची बाहेरची कड जमिनीत दाबा. पायाच्या करंगळीकडे वजन किती आहे ते पाहा. उजव्या बरगडीखालची कातडी डावीइतकी ताणली आहे का? ताडासनात दोन मिनिटं उभं राहिलेल्या माणसाला प्रथमच कळतं, की आपल्याला पोटरी आहे आणि तिला मागची बाजू आहे. वर्षानुवर्षं अंधारात पडलेल्या जागी दिवा नेणं हेच इथलं काम. रामरक्षा नावाने ते करते, पूर्णानंद अक्षराने करतात, इथे स्नायूने करतात.

लक्ष जिथे रोज जातं, तिथे देह सूक्ष्म होतो.

०

आणि लक्षाला जागा लागते. हे ज्ञानदेवांनी आसनाच्याही आधी सांगितलं आहे, आणि सहावा अध्याय वाचणारे घाईघाईने ते ओलांडून कुंडलिनीकडे जातात.

त्यांनी जागेचं वर्णन मन लावून केलं आहे. बसलं की उठावंसं वाटू नये. विलासी माणूस चुकून तिथे आला तर त्यालाही तप करावंसं वाटावं. पावलापावलावर पाणी, पावसाळ्यातही नितळ. ऊन सौम्य, वारा मंद. बहुतेक वेळ आवाज नाही. श्वापदांची दाटी नाही, पोपट नाहीत, भुंगे नाहीत. पाण्याजवळ हंस चालतील, दोन-चार सारस चालतील, कधीमधी एखादी कोकिळा बसली तरी हरकत नाही. आणि मोर? सारखे नकोत, पण येऊन-जाऊन असतील तर आम्ही नाही म्हणणार नाही.

हे बारकावे बसून अनुभवलेल्या माणसाचे आहेत. कुठला आवाज लक्ष मोडतो आणि कुठला सांधतो, हे त्यांना पक्ष्यागणिक माहीत होतं.

पुण्यात हंस-सारसांची आशा नाही. मोर आहेत. वेताळ टेकडीवर पहाटे त्यांचा आवाज येतो, झुडपांतून शेपटी ओढत गेलेली दिसते. टेकडीवर येणारे बहुतेक लोक योगी नसतात. रक्तातली साखर, गुडघे, निवृत्ती, घरातली भांडणं घेऊन येतात. पण दगडावर टेकून डोळे मिटणारा एखादा रोज असतो. या टेकडीच्या अंगावरून बालभारती ते पौड फाटा रस्ता न्यायचा बेत वर्षानुवर्षं डोकं वर काढतो आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकर त्याविरुद्ध चालत निघाले. झाडांची गणना, जमिनीतलं पाणी, वाहतुकीचे आकडे, असे मुद्दे त्यांनी मांडले आणि ते खरे आहेत. माझा त्या रस्त्याला विरोध आहे, याच कारणांसाठी, आणि सहाव्या अध्यायासाठीही. हरकतींच्या अर्जात ते कारण लिहायला रकाना नसतो. मी ते समासात लिहीन.